गाठीची चौकट

चित्र द्यायचं ठरलं होतं ते आठ वर्षांपूर्वी, नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर. दामिनी केस वाळवत बसली होती आणि मी वहीत तिचा कान काढत होते. फक्त कान. ती फार हलायची, तिच्या अंगातला तेवढा एक अवयव जागेवर राहायचा.

"माझ्या लग्नात मला मिक्सर देऊ नको वर्षे," ती म्हणाली. "मिक्सर मला ढीगभर येतील. तू चित्र दे. माझं आन् त्याचं."

"कुणाचं?"

"जो कुणी येईल त्याचं. मला तर लाजंनं बघणं व्हायचं न्हाई. तू बघ त्याला नीट. बघून काढ."

मी मान डोलावून हाव म्हणाले. गच्चीवर म्हटलेलं हाव कुणी लिहून ठेवत नाही, पण माझ्या अंगाला ते चिकटून राहिलं. दामिनी शिकून लातूरला औषधाच्या दुकानात लागली. मी नांदेडलाच एका शाळेत चित्रकला शिकवायला राहिले. आणि यंदा तिच्या लग्नाची पत्रिका आली. औशाच्या गुरुपादप्पांची धाकटी लेक, लातूरच्या भांड्याच्या दुकानदाराचा धाकटा मुलगा श्रीशैल. लग्न लातूरला, रविवारी.

चित्र तिला न सांगता काढायचं होतं. तिचा फोटो माझ्याकडे होता, त्याच गच्चीवरचा, हिरव्या साडीतला. त्याचा मी तिच्या मामेबहिणीकडून, शिल्पाकडून मागवला. फेटा बांधलेला, कपाळाला विभूती, खांद्यावर पांढरा शेला. चेहरा बरा होता. हसू जरा आत ओढून घेतलेलं.

मी चौकटी पाडून काढते. फोटोचा मोठा प्रिंट काढायचा, त्यावर पट्टीनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर. मग एकेक चौकट उघडी ठेवून बाकीचा फोटो पुठ्ठ्यानं झाकायचा. आमचे सर म्हणायचे, सगळा चेहरा दिसला की माणूस डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, मनात असतं ते काढतो. म्हणून झाका. त्याच्या फोटोच्या पस्तीस चौकटी झाल्या. पाच आडव्या, सात उभ्या. फेट्यापासून सुरुवात करून मी रोज शाळेतून आल्यावर सहा-सात चौकटी खाली उतरत होते. भुवई एका दिवशी, मिशी दुसऱ्या दिवशी. माणूस असा तुकड्यातुकड्यानं घरात येत होता.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना मी शेवटच्या ओळीला आले. एकतिसावी चौकट, खालचा डावा कोपरा. तिथं फोटो काळपट होता. मोबाईलमध्ये तेवढा तुकडा मोठा केला, उजेड वाढवला.

शेल्याचं टोक होतं. टोकाला गाठ होती. आणि गाठीत दुसरं कापड होतं, हिरवं, जरीच्या काठाचं. ते गाठीतून निघून फोटोच्या कडेपर्यंत गेलं होतं आणि कडेला एकदम संपलं होतं. पुढचं कापून टाकलेलं.

माझा ब्रश पाण्याच्या डब्यात तसाच राहिला.

माझी माय, तारामती, तेव्हा माझ्याकडे होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला बिलोलीकडून आली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं शेंगा निवडत बसलेली.

"माय, नवरदेवाच्या शेल्याला गाठ कवा असती?"

"लग्नात असती. अजून कवा?"

"दुसऱ्याच्या लग्नात?"

"दुसऱ्याच्या लग्नात दुसऱ्याच्या शेल्याला असती." तिनं मान वर केली. "काहून? काय दिसून राहिलं तुला?"

मी मोबाईल तिच्या उघड्या डोळ्यासमोर धरला. तिनं तो हातभर लांब नेला, मग नाकाशी आणला.

"हे तर लुगडं हाय," ती म्हणाली. "बाईमाणसाचं."

मोबाईल परत देऊन ती शेंगांकडे वळली. शेंगा निवडता निवडता गुणगुणायला लागली. तिच्या ओव्या तिच्या हातांतून येतात, हात चालू असले की तोंड आपोआप चालतं.

"लगीन घरामंदी, दिवा जळतो झाकून,
सांग मैतरणी सांग, काय ठेवलं राखून..."

मी शिल्पाला फोन लावला. "तो फोटो कुठला गं?"

"कुठला म्हंजे? त्यांच्या घरून आला."

"पुरा पाठव ना. कडेला कापलाय."

"कापलेलाच आलाय मला," ती म्हणाली, आणि मागं कुणीतरी हाक मारल्यासारखं करून तिनं फोन ठेवला. मागं कुणी हाक मारली नव्हती. मला तरी ऐकू आली नव्हती.

मी मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा फोटो आला, स्टुडिओतला, निळ्या पडद्यापुढचा, त्यात श्रीशैल शाळेच्या ओळखपत्रावर असतात तसा ताठ. खाली लिहिलं होतं, 'हा घे. आधीचा डिलीट कर. कुणाला दाखवू नको.'

आता सांगा, याच्यावर माणसानं काय समजायचं?

दामिनीचा फोन संध्याकाळी आला. ती अक्षतेच्या वेळी पिवळं नेसावं की मोतिया, या घोरात होती. मी पिवळं म्हणाले. मग हळूच विचारलं, "सासरी कोण कोण हाय गं?"

"सासू-सासरे. थोरले दीर, विरूपाक्ष. त्यांची बायको माहेरी असती."

"माहेरी? कितीक दिवस झाले?"

"चार वर्षं म्हणं. घरात तो विषय काढायचा न्हाई असं माझी अव्वा म्हणाली, मी काढला न्हाई." मग ती हसायला लागली. "तुला काहून एवढ्या चौकशा? थोरल्याशी सोयरीक करायचीय का? सांग, बोलते मी. भांड्याला कमी पडायचं न्हाई तुला."

मी हसले. हसताना माझ्याच कानाला ते हसणं खोटं वाटलं.

फोन ठेवल्यावर एक विचार पालीसारखा भिंतीवर येऊन बसला. थोरल्याची म्हणून सांगितलेली बाई धाकट्याचीच असली तर? गाठ तर धाकट्याच्या खांद्यावर होती. हिरवा पदर होता. अन् कात्री चालवणाऱ्याला ठाऊक होतं कुठं चालवायची. शुक्रवारी शाळेतून आल्यावर मी त्या चित्रासमोर बसले, तर मीच काढलेले त्याचे डोळे मला चुकवत होते. एका रात्रीतून ते बदलले नव्हते. माझं बघणं बदललं होतं.

दामिनीला सांगावं? काय सांगावं? की तुझ्या नवऱ्याच्या शेल्याला मी एक गाठ बघितली? खोटं निघालं तर तिचं लग्न माझ्या तोंडानं विटलं असतं. खरं निघालं तर हातात एक अंधारा कोपरा सोडून माझ्याकडे दाखवायला काय होतं?

शनिवारी मी लातूरची बस धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. मांडीवरच्या पिशवीत तो प्रिंट होता, गुंडाळून रबर लावलेला.

गंजगोलाईतून आत गेलेल्या एका गल्लीत दुकान होतं. दारापासून छतापर्यंत हंडे, परातीत परात. गल्ल्यामागं श्रीशैल एका स्टीलच्या डब्यावर वाकून नाव टाकत होता. भांड्यावर नाव टाकायची मशीन गांधीलमाशीसारखी गुणगुणत होती. फोटोपेक्षा तो बारीक होता. मान खाली, जीभ दातांत धरलेली. इतक्या मन लावून काम करणाऱ्या माणसाचा राग येणं अवघड असतं. मी तो मुद्दाम धरून ठेवला.

"शरणार्थ, या ताई. काय दाखवू?"

मी समोरचा तांब्याचा एक तांब्या उचलला. "हा द्या. लग्नात द्यायचाय. नावं टाकून पाहिजेत."

"सांगा." त्यानं मशीन हातात घेतली.

"श्रीशैल."

तो हसला. "आमच्याच नावाचा नवरदेव. पुढं?"

"पुढचं तुम्हीच सांगा. श्रीशैलच्या शेल्याला आधी जिचा पदर बांधला होता, तिचं नाव."

मशीन बंद झाली. बाहेर एक ऑटो हॉर्न वाजवत गेला तो केवढ्यानं ऐकू आला. मी प्रिंट काढून गल्ल्यावर पसरला आणि एकतिसाव्या चौकटीवर बोट ठेवलं.

त्यानं डबा बाजूला सरकवला आणि त्या चौकटीवर वाकून बघितलं.

"तुम्ही वर्षाराणी," तो म्हणाला. "दामिनीच्या फोनवर मागं तुमचाच फोटो हाय. गच्चीवरचा."

"मी कोण ते मला ठाऊक हाय. तुम्ही कोण ते सांगा."

तो उठला. स्टुलावर चढून त्यानं माळ्यावरून एक घागर खाली काढली, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. कापड सोडलं. गळ्याखाली नावं होती. विरूपाक्ष – शिवानी. खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची.

"ही गाठ दादाच्या लग्नातली," तो म्हणाला. "शेला दादाचा. खांदा माझा."

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, घागरीकडे बघत होता.

"दादाला लहानपणापासनं फिट येतात. वहिनीच्या माहेरी सांगितलं नव्हतं. अक्षता पडल्या आन् अर्ध्या तासात त्याला खोलीत फिट आली. आमच्यात अक्षता झाल्यावर गाठ न सोडता देवळात जायचं असतं. वाजंत्री दारात उभी, वहिनी दारात उभी, आन् दादा उठंना. अप्पा म्हणले, शेला तू घे खांद्यावर, चाल. मी घेतला. वहिनीनं विचारलं, हे कुठायत? मी म्हणलो, पाय मुरगळला. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणलो."

"आन् मग?"

"महिन्याभरात तिच्यासमोरच आली फिट." त्यानं शिवानी या अक्षरांवरून बोट फिरवलं. "फिटला भिऊन गेली न्हाई ती. जाताना मला म्हणली, भावजी, देवळापर्यंत तू माझ्यासंगं चालला. तेवढ्या वाटंत तरी सांगायचं."

"फोटो कुणी कापला?"

"अप्पांनी. घरातल्या सगळ्या फोटोतनं काढली तिला. तुमच्याकडं गेला तो चुकून गेला." तो कडवट हसला. "भांड्यावरचं नाव तेवढं निघत न्हाई. घासून काढावं तर पत्रा फाटतो."

"दामिनीला हे ठाऊक हाय?"

त्यानं घागरीचं कापड उचलून त्याची घडी घातली.

"तुमच्या भावाचं आजारपण?"

"अप्पा म्हणतात, लग्न होऊ द्या, मग हळूहळू कळंल."

"म्हंजे पुन्हा तेच. पुन्हा देवळापर्यंत गप्प चालायचं."

त्याचा चेहरा असा झाला की मला पहिल्यांदा तो सबंध दिसला, पुठ्ठ्याशिवाय.

"हळदीपर्यंत सांगा तिला," मी म्हणाले. "न्हाई सांगितलं तर मी सांगते."

परतीच्या बसमध्ये शंका पुन्हा शेजारी येऊन बसली. ज्याच्या हातात मशीन, त्याला घागरीवर नाव टाकायला कितीसा वेळ? तारीख तर कोणतीही टाकता येते. चाकूरपर्यंत मी त्या घागरीचं एकेक अक्षर मनात पुन्हा काढून बघितलं. मग आठवलं, अक्षरांच्या खाचांत काळं बसलं होतं, चिंचेचं आणि राखेचं, वरचेवर घासल्यावर बसतं तसं. नवी रेघ चकाकते. ती रेघ जुनी होती. या माणसानं चार वर्षं कुणाची तरी घागर घासून ठेवली होती.

तरी मनाचा एक कोपरा काळपटच राहिला. सांगेल का?

चित्र झालं. डावीकडे दामिनी हिरव्या साडीत, उजवीकडे तो, मागं गच्चीचा कठडा आणि लांब गोदावरी. फक्त मधली एक चौकट मी भरली नाही. तिचा पदर आणि त्याचा शेला तिथं येऊन थांबत होते, आणि मध्ये कॅनव्हास पांढरा.

"तिथं काहून सोडलंस?" मायनं विचारलं. तिची पट्टी त्याच दिवशी निघाली होती.

"गाठ काढायचीय तिथं. दामिनीला कळाल्यावर काढीन."

"ते तुला कसं कळणार?"

"कळंल."

तिनं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चित्राकडे नाही, माझ्याकडे. आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली,

"गाठ बांधली बांधली, पदराशी गं पदर,
सुटंल तवा सुटंल, खरं बोलावं अगुदर..."

मला वाटलं, ही श्रीशैलला म्हणतेय.

बुधवारपासून दामिनीचे फोन लहान झाले. आधी तास तास बोलणारी, आता "बरं", "हां", "येते ना तू?" एवढंच. मध्ये मध्ये ती थांबायची, काहीतरी वाट बघितल्यासारखी. मी त्या थांबण्यात पिवळी साडी, मेंदी, बांगड्या भरून टाकायची. फोन ठेवला की वाटायचं, त्यानं सांगितलं का? की माझ्याबद्दलच काही भरवलं? तुझी मैत्रीण दुकानात येऊन भांडून गेली, तिच्यापासून लांब राहा, असं?

शनिवारी हळदीला औशाला गेले. मांडवात गर्दी, दामिनीची आई, रत्नम्मा मावशी, येईल त्या बाईच्या गालाला हळद फासत होत्या. दामिनी पाटावर पिवळीधमक बसलेली. मी वाकून तिच्या हाताला हळद लावली आणि कानाशी विचारलं, त्याच कानाशी, "श्रीशैल काही बोलला का गं तुला?"

तिनं मान वळवली. हळदीत डोळे फार पांढरे दिसत होते.

"काय बोलायचं होतं त्यानं?"

मी सांगायला हवं होतं. मुदत संपली होती, आणि मुदत मीच घातली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं सरक की, आमाला बी लावू दे!" आणि मी म्हणाले, "काही न्हाई. असंच."

दामिनीनं मान पुन्हा सरळ केली.

रविवारी मी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून कार्यालयात नेलं. पिशवीत रंगाच्या चार ट्यूबा, ब्रश, पाण्याची बाटली. रात्रभर ठरवत होते, अक्षतेच्या आधी सांगायचं, काही झालं तरी सांगायचं. नवरीच्या खोलीत तिच्याभोवती सहा-सात बायका होत्या. दामिनीनं मला बघितलं आणि म्हणाली, "सगळ्या जरा बाहेर जा. पाच मिनिटं."

"अगं, लग्न लावायला स्वामी आलेत," रत्नम्मा मावशी म्हणाल्या.

"अव्वा, पाच मिनिटं."

दार लागलं. मी चादर सोडली. तिनं चित्र बघितलं. आधी स्वतःला, मग त्याला, मग गोदावरीला. आणि मग तिची नजर मधे येऊन थांबली.

"इथं काय यायचंय?"

"दामिनी, तुला एक सांगायचंय. त्याच्या भावाला..."

"फिट येतात," ती म्हणाली. "शिवानीवहिनीला न सांगता लग्न केलं. देवळापर्यंत श्रीशैल चालला. बुधवारी सांगितलं त्यानं मला, दुकानातच बोलावून. घागर समोर ठेवून सांगितलं. अन् हे बी सांगितलं की तू येऊन गेलीस."

मी खाली बसले.

"बुधवारी रातच्याला मी शिवानीवहिनीला फोन केला. ती म्हणाली, तुला आधी सांगितलं ना त्यानं? मग जा. मी ठरवलंय, दादांच्या गोळ्यांचं आता मीच बघणार. डॉक्टरची चिठ्ठी बघितली, निम्म्या दिवशी खातच न्हाईत ते." तिचा आवाज इथवर औषधाच्या दुकानातला होता, सरळ, मोजका. मग तो फाटला. "पण तू? कवापासून ठाऊक हाय तुला?"

"गाठ दिसून अकरा दिवस झाले. पुरं कळून आठ."

"आठ दिवस तू मला पिवळं नेस, मोतिया नको, असं सांगत होतीस. बुधवारपासून मी रोज फोन केला. रोज वाट बघितली, आता बोलंल, आता बोलंल. काल कानाशी आलीस, तवा वाटलं, आली. तर म्हणलीस, असंच."

"मला वाटलं, त्यानंच सांगावं."

"त्यानं सांगितलं. त्याचं काम त्यानं केलं, उशिरा का होईना. माझं त्याच्यासंगं काय ते मी बघीन. पण गच्चीवर मी त्याला म्हणलं नव्हतं बघ म्हणून. तुला म्हणलं होतं."

बाहेर दारावर कुणीतरी टकटक केली. सनईवाल्यानं सूर लावून बघितला.

दिवा झाकून कुणी ठेवला होता, ते मला तिथं फरशीवर बसून कळालं. मायनं ती दुसरी ओवी कुणाला म्हटली होती, तेही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी भ्याले. तुझं लग्न मोडंल म्हणून न्हाई. तू मनात धरून ठेवशील, हिनं मोडलं म्हणून, त्याला भ्याले."

दामिनी डोळ्यांतलं पाणी काजळापर्यंत येऊ नये म्हणून वर छताकडे बघत राहिली. मग विचारलं, "रंग आणलेस?"

"हाव."

"तो फोटो? कापलेला?"

पिशवीत होता. मी काढला.

"मग काढ. माझ्यासमोर. मनातली न्हाई, त्याच्यातली बघून काढ. तीच गाठ, हुबेहूब." ती चित्राच्या बाजूला येऊन बसली, पिवळी साडी सांभाळत. "ही भिंतीवर लावणार मी, सासऱ्यांच्या खोलीसमोर. मला बी रोज दिसली पाहिजे. त्याला बी. आन् तू येशील तवा तुला बी."

मी बाटलीच्या झाकणात पाणी ओतलं. पांढरा काढला, हिरवा काढला, जरीला थोडा पिवळा. या वेळी बाकीचं चित्र झाकलं नाही. आधी शेल्याचं टोक आणलं, मग पदराचं. गाठ काढायला सोपी नसते, कुठलं कापड कुणाखालून जातं ते नीट बघावं लागतं, नाहीतर ती नुसती चोळामोळा दिसते. एका ठिकाणी माझा हात चुकला आणि हिरवं पांढऱ्यावरून गेलं.

"खालनं जातंय ते," दामिनी म्हणाली.

मी पुसून पुन्हा काढलं. ती वाकून बघत होती, फोटोकडे एकदा, ब्रशकडे एकदा, माझा एकही फटकारा न सोडता, जशी गेले अकरा दिवस मी तिच्या नवऱ्याकडे बघत होते.

"दामिनी, मुहूर्त टळतोय गं!" दाराबाहेरून रत्नम्मा मावशी.

"येते अव्वा. रंग वाळायचाय," ती म्हणाली, आणि नवरीचा मेंदीचा हात पंख्यासारखा त्या गाठीवर हलवू लागली.